हलकुडे सरांच्या गाडीतलं चार्जिंग

तनुजानं फोनवर शब्द इतके मोजूनमापून वापरले, की आपण पोटच्या पोरीशी बोलतोय का शिक्षणाधिकाऱ्यांशी, असा हलकुडे सरांना क्षणभर प्रश्न पडला.

"पप्पा, रविवारी वास्तुशांतीला गाडीनं या. पण गाडी मग नांदेडलाच राहील. शेषेराव मामांशी बोलले मी. ते अर्धापूरहून येणारच आहेत, गाडी बघतील आन् घेऊन जातील. तुम्ही आन् मम्मी बसनं लातूरला परत जा."

शेषेराव मामा म्हणजे जावयाचे मामा. अर्धापुरात त्यांची केळीची बाग होती आणि बागेत जायला-यायला त्यांना एक जुनी, खरचटलं तरी वाईट वाटणार नाही अशी गाडी हवी होती. सरांना यातला प्रत्येक शब्द झोंबला. 'जुनी' हा सगळ्यात कमी.

पोरीचा राग अगदीच उगाच नव्हता. मागच्या महिन्यात नांदेडला जाताना लोह्याच्या पुढं सर आणि उज्वलाबाई एका रसवंतीवर टेकले होते. ऊस गोड होता, सावली बरी होती, आणि रसवंतीवाला सरांचा लांबचा विद्यार्थी निघाला. तेवढ्यात दोघांचेही फोन बंद पडले. दीड तासानं ही जोडी तृप्त होऊन नांदेडात पोचली, तेव्हा तनुजानं वाटेतल्या दोन पोलीस ठाण्यांत, एका दवाखान्यात आणि अहमदपूरच्या चुलत सासऱ्यांकडं चौकशी करून ठेवली होती. चुलत सासरे तर मोटारसायकलवर रस्ता धुंडाळत निघालेही होते. रसाचा विषय मग कोणी काढला नाही.

"गाडीत मोबाईल चार्ज होत असता तर एकवेळ मी काही बोलले नसते," तनुजा म्हणाली.

"होईल की मग," सर म्हणाले. "रविवारपर्यंत होईल."

"झालं तर गाडी तुमची. पण मी स्वतः माझा फोन लावून बघणार."

एकतीस वर्षं दहावीला पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला त्याच्या मुलीनं घातलेली ही परीक्षा होती. सर निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना विचारून होणाऱ्या गोष्टी एकेक करत कमी झाल्या होत्या. भाजी कोणती, टीव्हीवर काय, पंखा किती नंबरवर, हे सगळं परस्पर ठरत असे. 'अहो, गाडी कधी काढताय?' एवढा एकच प्रश्न उरला होता. तोही केळीच्या बागेत जाणार म्हटल्यावर सरांनी मंगळवारी सकाळीच गंजगोलाई गाठली.

दुकानदारानं चार्जर दाखवला. बोटाएवढा ठेंगू, त्याला दोन फोन लागत. "हा गाडीतल्या भोकात घालायचा, झालं," तो म्हणाला. सरांनी त्याला शांतपणे सांगितलं, की त्यांच्या अठ्ठ्याण्णव सालच्या गाडीत असं भोकच नाही. दुकानदारानं खालच्या कप्प्यातून एक काळी डबी काढली. "मग भोक पण घेऊन जा." भोक विकत मिळतं, हे ज्ञान सरांना त्या दिवशी झालं. ते घरी येईपर्यंत त्याच गोष्टीचा विचार करत होते.

बसवायला अंबाजोगाई रोडवरचा निजामोद्दीन सगळ्यांत चांगला, असं तीन माणसांनी सांगितलं. निजामोद्दीननं बॉनेटमधून डोकं वर काढलं आणि हसत हात पुसले.

"सर! ओळखलं का न्हाई? दहावी ब. विजेच्या धड्यात नापास केलंतं तुम्ही मला."

सरांना आठवेना. नापास केलेल्यांची यादी तशी लांब होती. "मग आता हे काम…" त्यांनी काळजीनं विचारलं.

"जमतं सर. नियम तेवढा विचारू नका."

अर्ध्या तासात त्यानं बॅटरीपासून वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, काळी डबी डॅशबोर्डखाली बसवली. चार्जर लावताच फोन 'टुंग' वाजला आणि पडद्यावर वीज चमकली. सरांना जितका आनंद झाला तितकाच कमीपणाही वाटला. नापास मुलगा करतो आणि पास करणारा बघत उभा राहतो, यात कुठंतरी शिक्षणपद्धतीचा दोष असावा, असं त्यांनी परतताना मनाशी ठरवून टाकलं.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं. मिक्सर आला तेव्हा लागलं, फ्रिज आला तेव्हा लागलं, मोटारीच्या नव्या टायरालाही लागलं. उज्वलाबाई ताट घेऊनच आल्या. ताटात निरांजन, अक्षता आणि पाण्यात कालवलेलं कुंकू. डबीला वरून बोट लावायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते आतच लावलं. वरून दोन अक्षता टाकल्या. अक्षता थेट तळाला गेल्या.

"अगं, आत कशाला?" सर ओरडले.

"देव बाहेरून भेटतोय का?" उज्वलाबाई म्हणाल्या.

आता पुढं जे घडलं ते सरांनी गावात कोणालाही सांगितलं नाही. आपल्याला ते कळलं, एवढंच. तळाशी अडकलेल्या अक्षता आणि कुंकवाचा गाळ काढायला हाताशी काही नव्हतं. सरांनी बायकोच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला आणि डबीत घालून फिरवला. धातू विजेचा सुवाहक असतो, हे वाक्य ज्यांनी पोरांकडून शंभर-शंभर वेळा लिहून घेतलं, त्यांनीच. आतून एक ठिणगी निघाली, आकडा चटकन गरम झाला, आणि चार्जिंग गेलं.

"कुंकवानं गेलं," सर म्हणाले.

उज्वलाबाईंनी आकडा हातात घेऊन बघितला. तो एका टोकाला काळा पडला होता. त्यांनी तो काही न बोलता पुन्हा अंबाड्यात खोवला, आणि हे न बोलणं सरांना पुढचे चार दिवस पुरलं.

निजामोद्दीनला फोन लावला तर तो किल्लारीला. तिथल्या दोन जीपांचं वायरिंग अंगावर घेतलेलं, सोमवारशिवाय सुटका नाही.

"काय घातलं आत, सर?"

"काही नाही. आपोआप गेलं."

"आपोआप कसं जाईल? कायतरी घातल्याबिगर जातच न्हाई."

नापास मुलानं उलटतपासणी घ्यावी हे सरांना सहन झालं नाही. त्यांनी 'बरं, सोमवारी बघू' म्हणून फोन ठेवला. अजून एक मिनिट बोलले असते, तर निजामोद्दीननं 'फ्यूज बदला' एवढंच सांगितलं असतं. अभिमान महागात पडतो तो असा.

बुधवारी सर डबी सोडवून दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं डबी नाकाजवळ धरली. "कुंकू लागलेला माल आम्ही परत घेत न्हाई सर. कंपनीकडं ऑनलाइन तक्रार टाका." सरांनी चष्मा लावून मोबाईलवर अर्ज उघडला. नाव, गाव, पिनकोड, सगळं सुरळीत. मग गाडीचं साल विचारलं. यादी सुरू होत होती दोन हजार पाचपासून. सरांनी वर ढकललं, खाली ढकललं. अठ्ठ्याण्णव नव्हतंच. मदतीच्या नंबरावरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "सर, आमच्या सिस्टीममध्ये अशी गाडी नाहीये."

"माझ्या दारात आहे," सर म्हणाले.

"जवळचं साल निवडा सर."

सर खोटं साल निवडणाऱ्यातले नव्हते. सत्याला धरून राहिल्यामुळं गुरुवारही गेला.

शुक्रवारी शेजारचे आप्पासाहेब आले. ते भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. मोजणीचा त्यांचा हात इतका बसलेला, की लग्नाच्या मांडवातही ते नजरेनं क्षेत्रफळ काढत. गुडघे दुखत असल्यामुळं उभं राहून सल्ला देणं त्यांना जमत नसे. ते थेट ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पाय ऐसपैस समोर टेकवले आणि म्हणाले, "करा सुरू. मी बघतो."

सर शेजारच्या बाजूनं डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणे पडले. आपण स्वतःच आता एखादी जिवंत वायर शोधून तिला डबी जोडायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी घरातला टेस्टर पाचसहा वायरींना लावला. टेस्टर पेटेना.

"गाडीत करंटच न्हाई," आप्पासाहेबांनी निकाल दिला.

"आप्पासाहेब, हॉर्न वाजतोय."

"हॉर्न वाजणं येगळं."

तेवढ्यात सरांना आठवलं, की घरातला टेस्टर बारा व्होल्टांवर पेटतच नाही. हा प्रश्न त्यांनी स्वतः सराव परीक्षेत दोनदा टाकला होता. तिथंच पडल्या पडल्या त्यांना लाज वाटली, आणि बरंही वाटलं. मग त्यांनी गाडीचाच एक छोटा बल्ब काढून त्याला दोन वायरी जोडल्या. गाडीतल्या एका वायरीवर नाही, दुसरीवर नाही, तिसरीवर बल्ब लख्ख पेटला. सरांच्या तोंडून पोरासारखी आरोळी निघाली. डबी घासूनपुसून त्या वायरीला जोडली, चार्जर लावला. टुंग.

उज्वलाबाईंनी बाहेर येऊन बघितलं. आप्पासाहेबांनी "मी म्हणलंच होतं" असं म्हटलं आणि चहा घ्यायला गाडीतून उतरले. चार्जिंग बंद.

सरांनी वायर हलवली, चार्जर फिरवला, फोन बदलला. काही नाही. आप्पासाहेब चहा संपवून पुन्हा आत येऊन बसले. टुंग.

असं चार वेळा झालं. आप्पासाहेब आत, चार्जिंग सुरू. आप्पासाहेब बाहेर, चार्जिंग बंद. सरांचे डोळे चमकले. गाडी वाचवायचीय, रविवार परवावर आलाय, हे सगळं ते पाच मिनिटं विसरून गेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तक्ता आखला. असं का होत असेल? वजनानं सीट दबते, खाली कुठंतरी सैल जोड असेल, तो टेकत असेल. पडताळा घ्यायला त्यांनी पन्नास किलो ज्वारीचं पोतं ओढत आणून ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. नाही. त्यावर पाण्याची घागर ठेवली. तरी नाही. सरांनी तक्त्यात लिहिलं : 'ज्वारी – निष्फळ.'

"आपल्या अंगातच करंट हाय, सर," आप्पासाहेब गंभीरपणे म्हणाले. "आमच्या आज्याला पाणाड्या म्हणायचे. जमिनीतलं पाणी सांगायचा. मी येतो की नांदेडला."

उज्वलाबाईंनी मागच्या सीटवर आहेराची भांडी आहेत, असं सांगून ते टाळलं. भांडी तीनच होती.

रविवारी पहाटे दोघं निघाले. चाकूरच्या अलीकडं पहिला गतिरोधक आला आणि मांडीवरचा फोन वाजला : टुंग. उज्वलाबाईंनी खाली बघितलं. "होतंय," त्या म्हणाल्या. गाडी पुढं गेली. "गेलं." पुढं शेरडांचा कळप आडवा आला. "होतंय." कळप गेला. "गेलं." असं अहमदपूरपर्यंत चाललं. उज्वलाबाईंचं शिक्षण बारावी कला, पण माणूस बघायची सवय तीस वर्षांची.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमचा पाय ब्रेकवर आला की होतंय ते."

"असं काही नसतं."

"दाबा बरं."

सरांनी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली. दाबला. टुंग. सोडला. गेलं. दाबला. टुंग. मग त्यांनी उतरून उज्वलाबाईंना ब्रेक दाबायला लावला आणि मागं जाऊन बघितलं. लाल दिवे लागत होते आणि विझत होते. सरांच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. त्यांनी शोधलेली जिवंत वायर मागच्या ब्रेकच्या दिव्यांची होती, आणि ती जिवंत होती कारण तेव्हा आप्पासाहेबांनी आपले दुखरे गुडघे सांभाळत पाय पेडलवर टेकवले होते.

सर रस्त्याच्या कडेला एकटेच हसत सुटले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या प्रयोगाचा निष्कर्ष पुस्तकात आधी छापलेला नव्हता. पण हसू ओसरल्यावर त्यांना दिसलं, की नांदेडला पोचल्यावर तनुजा फोन लावणार आणि चार्जिंग होणार नाही. वायर बदलायला वेळ नव्हता, आणि चाललंय तेवढंही जाईल अशी भीती होती. हे खरं सांगितलं तर पोरगी म्हणणार, ब्रेक दाबल्यावर चार्ज होणारी गाडी कोण हायवेवर चालवतं? आणि तिचं बरोबरच असणार.

"तुम्ही सीटवरनं उतरूच नका," उज्वलाबाई म्हणाल्या.

तनुजाचं नवं घर नांदेडात तरोडा नाक्याच्या पलीकडं. गाडी दारात थांबते न थांबते तोच ती बाहेर आली. आईला मिठी मारली, आणि दुसऱ्या हातातला फोन खिडकीतून पुढं केला. सरांनी सीट सोडली नाही. पाय जिथं हवा तिथं होता.

टुंग.

"अरे वा!" तनुजाच्या चेहऱ्यावर खरा आनंद पसरला. "पप्पा, तुम्ही केलं हे?"

"स्वतः," सर म्हणाले, आणि खोटं बोलले नाहीत याचं त्यांना समाधान वाटलं.

तेवढ्यात घरातली लाईट गेली. कोपऱ्यावरचं रोहित्र उडालं होतं. होमाचा धूर, पाहुण्यांची दाटी, पंखे बंद, आणि सकाळपासून व्हिडिओ काढून काढून निम्म्या लोकांचे फोन शेवटच्या घटका मोजत होते. तनुजानं कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, "पप्पांच्या गाडीत चार्जिंग आहे!"

मग रांग लागली. दोन फोन लागत, बाकीचे डॅशबोर्डवर वाट बघत. कोणाची आत्या, कोणाचा भाऊजी, स्वतः भटजी. सर खिडकीतून फोन घेत, नाव विचारत, नंबर लावून देत. चेहऱ्यावर शाळेतलं गांभीर्य, उजव्या पोटरीत मुंग्या. कोणी म्हणे, "सर, उतरा की खाली, आत या." सर म्हणत, "राहू द्या, राहू द्या, कोणाचा फोन हरवायला नको."

शेषेराव मामांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. टायरावर पाय आपटून बघितला.

"घरात लाईट न्हाई आन् गाडीत हाय! लई कामाची दिसून राहिली ही. आमच्या बागेत लाईटीचा पत्ता नसतोय. आता तर घेऊनच जातो बघा."

तनुजाची अट मामांना ठाऊक नव्हती, आणि जावयाच्या मामांना तोंडावर 'नाही' म्हणायची सरांची सोय नव्हती. गाडी बिनकामाची ठरली असती तर गेली असती, आणि कामाची ठरली तरीही जाणार होती. खरं सांगावं तर शेषेराव माघार घेतील, पण मग तनुजाला दिलेला शब्द मोडेल. त्यांनी पाय बदलून बघितला. डाव्या पायानं ब्रेक दाबताना त्यांना आपल्या आयुष्याचं काहीतरी चुकतंय असं वाटलं.

अंगणात पंगत बसली. पुरणाचा आणि कटाच्या आमटीचा वास थेट खिडकीतून आत आला. वाढपी दोनदा बोलवायला आले. उज्वलाबाईंनी दारातूनच सांगितलं, "उपास हाय त्यांचा." सरांनी बायकोकडं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेनं त्यांनी कॉपी करणाऱ्यांकडंही कधी बघितलं नव्हतं. पण दुसरं काही सुचणंही अवघड होतं, हे त्यांना कळत होतं. भूक मात्र लागलेली होती, आणि पाय थरथरायला लागला होता.

पहिली पंगत उठली तेव्हा तनुजा गाडीच्या मागच्या बाजूनं आली. ती बराच वेळ तिकडं उभी होती हे सरांना आरशात दिसलं नव्हतं. ती दाराशी येऊन थांबली. आधी तिनं डॅशबोर्डवरचे फोन बघितले, मग खाली वाकून सरांचा पाय बघितला.

"पप्पा, मागचे लाल दिवे तासभर झाले लागलेले आहेत."

आता गाडी गेली, हे सरांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं. कष्टानं हसून ते म्हणाले, "कुठली वायर जोडायची ते चुकलं. सोमवारी निजामोद्दीन…"

"आज रविवारच आहे," तनुजा म्हणाली. "आन् उपास कसला? आज कुठला उपास आहे तुमचा?"

सरांनी पंगतीकडं बघितलं.

"सरका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उतरा. जेवून या. पाय सोडू नका एकदम, मी आधी ठेवते."

नव्या साडीचा घोळ आवरून ती आत सरकली. सरांच्या पायाशेजारी तिचा पाय आला, पेडलवर टेकला, आणि मग सरांनी आपला काढला. भटजींच्या फोनचं चार्जिंग क्षणभरही तुटलं नाही. सर लंगडत बाहेर उभे राहिले. पाय आपला आहे का दुसऱ्याचा, हे त्यांना कळत नव्हतं.

शेषेराव मामा तोंड पुसत आले. "मग सूनबाई, चावी देता का?"

तनुजानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. "मामा, ही गाडी द्यायची न्हाई," ती म्हणाली. "पप्पा बसल्याबिगर ती चार्जच होत न्हाई."

शेषेरावांना यातलं अवाक्षर कळलं नाही. पण घरमालकीण आपल्या वास्तुशांतीच्या दिवशी फाटकाबाहेर गाडीत ठाण मांडून बसलीय म्हटल्यावर त्यांनी पुढं विचारलं नाही. सर पंगतीत बसले. पानात गरम पुरणपोळी पडली, तिच्यावर तूप पडलं. समोर फाटकाच्या बाहेर भर दुपारच्या उन्हात गाडीचे दोन्ही लाल दिवे जळत होते, आणि त्यांच्याकडं बघत बघत सरांनी आणखी एक पोळी मागितली.